कुर्ल्याचा रफार आणि ई-पुस्तक

उपनगरी गाडीने प्रवास करताना फलाटांवरील पाट्या तुम्ही नेहमीच वाचता. मुलुंड, घाटकोपर, कुर्ला, अंधेरी, बोरिवली! यांपैकी ‘कुर्ला’ हे नाव एका कागदावर सावकाश लिहा आणि आपला हात कसा फिरतो याकडे नीट लक्ष द्या. क लिहिला, त्याला उकार दिला, मग ‘ला’ लिहिला आणि शेवटी ‘ला’च्या डोक्यावर रफार काढला. पण बोलताना मात्र र हा ल च्या आधी येतो. आता ‘बोरिवली’ लिहा. येथे पहिल्या वेलांटीची उभी रेघ आपण र च्या आधी ओढतो. उच्चारात मात्र आधी र आणि मग इ. म्हणजे आपल्या लिपीत लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम नेहमी एकच असतो असे नाही.

ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची आहे की तिचा विचारही मनात येत नाही. परंतु संगणकावर मराठी पुस्तक तयार करायचे म्हटले की पहिला प्रश्न हाच उभा राहतो. संगणकाने कोणता क्रम लक्षात ठेवायचा, हाताचा की तोंडाचा? या प्रश्नाच्या उत्तरापासून सुरुवात करून ई-पुस्तक कसे घडते ते आज आपण पाहू या.

खिळ्यांपासून संकेतांकांपर्यंत

शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे तेव्हा हा प्रश्न जुळाऱ्याचा होता. जुळारी म्हणजे अक्षरांचे खिळे एकापुढे एक लावून ओळी जुळवणारा कामगार. इंग्रजीला लहानमोठी मिळून ५२ अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे एवढ्यावर भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरली की खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. १८६९ साली मुंबईत ‘निर्णयसागर’ छापखाना काढणारे जावजी दादाजी यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते त्यांनी घडवलेल्या सुबक देवनागरी खिळ्यांमुळे.

संगणक आले तेव्हा सुरुवातीला जुळाऱ्याचीच पद्धत त्यांच्यात शिरली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे, रोमन अक्षराची कळ दाबली की पडद्यावर काना किंवा रफार उमटायचा. छापून काढण्यापुरते हे ठीक होते. पण संगणकाच्या स्मृतीत मात्र इंग्रजी अक्षरांचा नुसता काला साठत असे. तो मजकूर दुसऱ्याकडे पाठवला आणि त्याच्याकडे नेमका तोच फाँट नसला, की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसायची. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी! अशा रीतीने टंकलिखित झालेली असंख्य मराठी पाने आजही शोधयंत्राला सापडत नाहीत. तुम्ही ‘कुर्ला’ शोधता, आणि स्मृतीत ‘कुर्ला’ नसतेच.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक वर्णाला कायमचा क्रमांक देणे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी असा एक मानक संकेत प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ‘युनिकोड’ या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी आपल्या या भारतीय संकेताच्या आधीच्या मसुद्यावरच बेतलेली होती. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा सलग १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. त्यांत क चा क्रमांक २३२५, र चा २३५२, ल चा २३५४, उकाराचा २३६९, कान्याचा २३६६ आणि हलन्ताचा, म्हणजे पाय मोडण्याच्या चिन्हाचा, २३८१.

आता ‘कुर्ला’ संगणकात कसे साठते पाहा: २३२५, २३६९, २३५२, २३८१, २३५४, २३६६. म्हणजे क, उकार, र, हलन्त, ल, काना. सहा क्रमांक! यात रफाराला स्वतंत्र क्रमांक कोठेच नाही. ‘पाय मोडलेला र’ एवढीच नोंद आहे आणि तीही ल च्या आधी. थोडक्यात, संगणक बोलण्याचा क्रम लक्षात ठेवतो. बोरिवलीची वेलांटीसुद्धा तो र च्या नंतरच साठवतो.

फाँट काय करतो?

मग पडद्यावर रफार ल च्या डोक्यावर जातो कसा? ते काम फाँटचे. आजचा फाँट म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा नुसता संग्रह नसतो. त्यात नियमही लिहिलेले असतात. ‘र आणि हलन्त यांच्यापुढे व्यंजन आले तर र चा रफार करून तो पुढील अक्षरावर ठेवा’, ‘क, हलन्त, ष असे आले तर क्ष चे चित्र काढा’, अशा स्वरूपाचे ते नियम असतात. संगणकातील एक आज्ञावली क्रमांकांची माळ वाचते, फाँटमधील नियम लावते आणि योग्य चित्रे योग्य जागी मांडते. म्हणजे जुन्या जुळाऱ्याचे कौशल्य आता नियमांच्या रूपाने फाँटमध्ये उतरले आहे.

या कामात मुंबईच्या उपनगरांचा वाटा मोठा आहे. सुलेखनकार व कवी प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी पवईच्या आय.आय.टी.मध्ये अध्यापन केले आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांवर काम केले. ‘विंडोज २०००’ या प्रणालीबरोबर लाखो संगणकांवर पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांनी रेखाटलेला. पुढे पवईच्या आय.आय.टी.तूनच ‘शोभिका’ हा मुक्त फाँट तयार झाला. त्यात १६०० हून अधिक देवनागरी आकृत्या आहेत, त्यामुळे जुन्या संस्कृत ग्रंथांतील दुर्मिळ जोडाक्षरेही छापता येतात. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ हा फाँटदेखील कोणालाही विनामूल्य वापरता येतो. ई-पुस्तकात फाँट घालून पाठवायचा असेल तर त्याच्या परवान्यात तशी मुभा आहे ना, हे आधी पाहावे लागते. वर सांगितलेल्या दोन मुक्त फाँटांना ती आहे.

ई-पुस्तकाच्या पोटात

समजा, मुलुंडच्या एका शाळेतील मुलांनी दरवर्षीप्रमाणे हस्तलिखित काढले आहे. त्यात कथा, कविता, कोडी आणि विज्ञानाचे दोन लेख आहेत. हस्तलिखिताची प्रत एकच, ती वाचनालयाच्या कपाटात राहणार. मुलांच्या मनात आले की याचे ई-पुस्तक करू या, म्हणजे गावाकडच्या आजी-आजोबांनाही ते मोबाइलवर वाचता येईल.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाने टंकलिखित करून त्यांची पीडीएफ करणे. पण यात एक अडचण आहे, ती आकडेमोड करून पाहू. पान ए-५ आकाराचे, म्हणजे १४.८ सेंटिमीटर रुंद आहे. मोबाइलचा पडदा साधारण ६.५ सेंटिमीटर रुंद. पूर्ण पान पडद्यावर मावायचे तर ते ६.५ भागिले १४.८, म्हणजे सुमारे ०.४४ पट लहान होणार. आपण अक्षरे १२ पॉइंटांची घेतली होती. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, तेव्हा १२ पॉइंट म्हणजे सुमारे ४.२ मिलिमीटर. पडद्यावर त्यांचे उरतील जेमतेम १.९ मिलिमीटर! आजोबांना पान बोटांनी मोठे करावे लागेल आणि प्रत्येक ओळ वाचताना ते डावी-उजवीकडे सरकवावे लागेल. दोन पानांतच ते कंटाळतील.

पीडीएफमध्ये पान गोठलेले असते. छापण्यासाठी तो गुणच आहे, पण लहान पडद्यासाठी मजकूर पाण्यासारखा हवा, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेणारा. याच हेतूने २००७ साली ‘ईपब’ नावाचा मानक प्रकार ठरवण्यात आला. २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि २०१७ पासून महाजालाचे मानक ठरवणारी संस्थाच त्याची देखभाल करते.

ईपब हे खरे तर एक गाठोडे आहे. त्याच्या पोटात अनेक लहान फाइली दाबून बांधलेल्या असतात. पहिली फाइल अगदी छोटी, केवळ २० चिन्हांची. ‘मी ईपब आहे’ एवढेच ती सांगते. एका फाइलीत पुस्तकाचे नाव, लेखक, भाषा आणि आतील सर्व फाइलींची यादी असते. एक फाइल अनुक्रमणिकेची. मग प्रत्येक प्रकरणाची एकेक फाइल, चित्रे, फाँट आणि शेवटी पुस्तकाचा सारा पेहराव ज्यात लिहिला आहे ती शैलीची फाइल.

मजकूर आणि पेहराव

या शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या का ठेवल्या आहेत? हे समजले की ई-पुस्तकाचे निम्मे मर्म समजले म्हणायचे.

बहुतेक जण मथळा कसा करतात? शब्द निवडायचे, अक्षरे मोठी करायची, ठसा जाड करायचा. आपल्या डोळ्याला तो मथळा दिसतो. पण संगणकाला काय दिसते? मोठ्या आकाराची काही अक्षरे, बस्स! ती मथळा आहेत, येथून नवी कथा सुरू होते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

योग्य रीत अशी, की मजकुराला आधी त्याचे काम सांगणारी खूण करायची. हा मुख्य मथळा, हा उपमथळा, हा परिच्छेद, ही यादी. प्रकरणाच्या फाइलीत या खुणा कोनी कंसांत लिहिलेल्या असतात. मुख्य मथळ्याला ‘एच १’, उपमथळ्याला ‘एच २’, परिच्छेदाला ‘पी’. मग शैलीच्या फाइलीत एकदाच लिहायचे, की ‘एच १’ मध्यभागी, जाड ठशात आणि दीडपट मोठा. पुस्तकात ४० मथळे असोत की ४००, सर्वांना तो पेहराव आपोआप चढतो. पुढे मथळे मध्यभागी नकोत, डावीकडे हवेत असे वाटले तर एक ओळ बदलायची. शिवाय या खुणांवरून सॉफ्टवेअर अनुक्रमणिकाही स्वतःच तयार करते.

भौतिकी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला यातील एक गोष्ट विशेष आवडते. या खुणांची भाषा टिम बर्नर्स-ली यांनी रचली ती जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत. पेहराव वेगळा लिहिण्याची कल्पना १९९४ साली हाकोन व्ह्यूम ली यांनी मांडली, तीही तेथेच काम करत असताना. आणि ई-पुस्तकांसाठी जगभर वापरले जाणारे ‘कॅलिबर’ हे मुक्त सॉफ्टवेअर २००६ साली लिहायला घेतले ते कोविद गोयल या भारतीय तरुणाने. ते तेव्हा कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत पुंज संगणनावर संशोधन करत होते.

मिलिमीटर नको, गुणोत्तर हवे

आता पेहरावातील मापांकडे वळू. मुलांनी ठरवले, की परिच्छेदाची अक्षरे १६ आणि मथळ्याची २४ मापाची ठेवू. दिसायला छान. पण आजोबांनी आपल्या मोबाइलवर वाचनाची अक्षरे १६ ऐवजी २४ केली तर? मथळ्याचे माप पक्के बांधलेले असल्याने मथळा आणि मजकूर सारखेच दिसू लागतील. ३२ केली तर मजकुरापेक्षा मथळाच बारीक!

म्हणून माप आकड्यात न बांधता गुणोत्तरात सांगतात. त्यासाठी ‘एम’ हे एकक आहे. १ एम म्हणजे त्या ठिकाणी चालू असलेल्या अक्षराचा आकार. मथळा १.५ एम असे लिहिले, की मजकूर १६ असताना मथळा २४, मजकूर २४ असताना मथळा ३६ आणि मजकूर ३२ असताना मथळा ४८. वाचकाने काहीही केले तरी प्रमाण टिकते. नकाशाचे प्रमाण आठवा. नकाशा लहान छापा की मोठा, मुंबई आणि पुणे यांमधील अंतराचे ठाणे आणि कल्याण यांमधील अंतराशी असलेले गुणोत्तर बदलत नाही. तसेच हे.

देवनागरीची पथ्ये

इंग्रजीसाठी ठरवलेला पेहराव मराठीला जसाच्या तसा चढवून चालत नाही. चार पथ्ये तर पाळलीच पाहिजेत.

पहिले, ओळींमधील अंतर. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार असतात आणि पायाशी उकार. ‘मूर्ती’ किंवा ‘कीर्तीं’सारखा शब्द पाहा. वरच्या ओळीतील ऊकार आणि खालच्या ओळीतील अनुस्वार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवावी. १६ चे अक्षर असेल तर १.६ पटीने ती २५.६ होईल.

दुसरे, अक्षरे एकमेकांपासून लांब करू नयेत. इंग्रजी मथळ्यांत अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत आहे. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसते.

तिसरे, ओळींची दोन्ही टोके जुळवण्याचा हट्ट धरू नये. ‘विद्यार्थ्यांसाठी’ किंवा ‘प्रयोगशाळेमध्ये’ असे लांबलचक शब्द आपल्या भाषेत पावलोपावली येतात. अरुंद पडद्यावर असा शब्द ओळीत मावला नाही, की तो पुढच्या ओळीत जातो आणि मागे राहिलेल्या शब्दांमध्ये मोठाली भगदाडे पडतात. मोबाइलसाठी डावी कड जुळवून उजवी मोकळी सोडलेली बरी.

चौथे, आणि हे बहुतेकांच्या हातून राहते, पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. लिपी एकच असली तरी मराठी आणि हिंदी यांच्यात ल आणि श यांची वळणे वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला, त्यात ही मराठी वळणे प्रमाण ठरवली. काही फाँटांमध्ये दोन्ही वळणे असतात. पुस्तक मराठी आहे हे कळले तरच फाँट मराठी वळणाचा ल काढतो. मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावलीही याच नोंदीवरून मराठी उच्चार निवडते. तसेच ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा भेद टंकलेखनातच सांभाळावा लागतो. दुसऱ्या शब्दात नुक्ता असलेला ऱ आहे, क्रमांक २३५३.

कानांनी वाचणारा वाचक

आता समजा, या हस्तलिखितात कथा लिहिणाऱ्या एका मुलीला डोळ्यांनी दिसत नाही. तिने कथा सांगितली आणि मैत्रिणीने लिहून घेतली. छापलेल्या किंवा हाताने लिहिलेल्या अंकात तिला स्वतःची कथादेखील वाचता यायची नाही. ई-पुस्तकात मात्र वाचता येईल, पण आपण ते नीट केले असेल तरच.

अशा वाचकांसाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या आज्ञावली असतात. ‘एनव्हीडीए’ ही त्यांतली एक विनामूल्य मिळते. तिच्या वाचनपद्धतीत ‘एच’ ही कळ दाबली की ती पुढच्या मथळ्यावर उडी मारते. आपण मथळ्यांना खुणा केल्या असतील, तर ती मुलगी चार-पाच वेळा कळ दाबून थेट आपल्या कथेवर पोचेल. आपण केवळ अक्षरे मोठी व जाड केली असतील, तर आज्ञावलीला मथळा सापडणारच नाही. मग तिला पहिल्या पानापासून सारे ऐकत बसावे लागेल. पाने जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतील तर अर्थहीन रोमन अक्षरे ऐकू येतील आणि पानांची नुसती छायाचित्रे असतील तर शांतताच. म्हणून चित्रांनाही दोन ओळींचे वर्णन जोडावे. गणिताची सूत्रे चित्र म्हणून चिकटवू नयेत. ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीत सूत्रे लिहिण्याची स्वतंत्र सोय आहे.

दृष्टिहीनांना वाचता येतील अशा प्रती काढणे सुलभ व्हावे म्हणून २०१३ साली मराकेश येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. कायद्याने दार उघडले आहे. पुस्तक करणाऱ्याने मथळ्याला मथळा म्हटले, तरच त्या दारातून आत जाता येते.

करून पाहा

१. कोणतेही ईपब पुस्तक घ्या व त्याची एक प्रत काढा. प्रतीच्या नावाच्या शेवटी असलेले ‘ईपब’ काढून तेथे ‘झिप’ लिहा आणि ती उघडा. वर सांगितलेल्या फाइली तुम्हाला एकेक करून दिसतील.

२. ‘लिब्रे ऑफिस’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा लेख युनिकोडमध्ये टंकलिखित करा. मथळ्यांना हाताने मोठे न करता शैलींच्या यादीतून शीर्षकाची शैली द्या. या सॉफ्टवेअरमधून २०१८ पासून थेट ईपब तयार करता येते. नंतर ते ‘कॅलिबर’ किंवा ‘सिजिल’मध्ये उघडा, शैलीची फाइल शोधा आणि मथळ्याचे माप व ओळीची उंची बदलून काय घडते ते पाहा.

३. तयार झालेले पुस्तक लहान मोबाइल, मोठा संगणक अशा दोन पडद्यांवर, अक्षरे अगदी लहान व अगदी मोठी करून तपासा. शेवटी डोळे मिटून ते आज्ञावलीकडून वाचून घ्या. चुका सापडतील त्या टिपून ठेवा.

४. दुसऱ्याचे लेखन घेताना सावध राहा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क असतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी मोकळी झाली. आजच्या लेखकांची मात्र परवानगी घ्यावी लागेल.

५. आणि हे कोडे. ‘जोगेश्वरी’, ‘विक्रोळी’ आणि ‘अंधेरी’ ही नावे संगणकात प्रत्येकी किती क्रमांकांनी साठतील? हलन्त मोजायला विसरू नका. उत्तरे अनुक्रमे ९, ८ आणि ६ आली पाहिजेत. आली नाहीत तर ‘कुर्ला’ पुन्हा एकदा सुटे करून पाहा.